अंतराळात धूळ नाही, मग आरसे खराब कशानं होतात?

नांदेडचा_बीएस्सीवाला:
नमस्कार मंडळी, फिजिक्सचा प्रोजेक्ट करायलोय, विषय सॅटेलाइटचे ऑप्टिक्स. एक गोष्ट डोक्यात शिरंना. वर हवा नाही, धूर नाही, तरी जिथं बघावं तिथं लिहिलंय की आरसे, लेन्स, सोलर पॅनल हळूहळू काळवंडतात. घाण येती कुठून? सर म्हणले उल्कांचे कण असतील, पण मला काय पटंना.

गंगाखेडकर:
कण आदळतात हे खरंय पण त्यानं बारीक खड्डे पडतात, थर बसत नाही. बाकी जाणकार सांगतीलच, मी पण वाचायलोय.

औंढा_हिंगोली:
घाण यान सोबतच घेऊन जातं भाऊ. गोंद, रंग, वायरवरचं प्लास्टिक, सिलिकॉनचे सील, ह्या सगळ्यात बारीक तेलकट रेणू अडकलेले असतात आन व्हॅक्यूम लागला की ते सुटायला लागतात, ह्यालाच आउटगॅसिंग म्हणतात. नवी कार मे महिन्यात लातूरच्या उन्हात उभी करून बघा, काचेवर आतून धुरकट येतंय, तेच हे. सुटलेले रेणू गार जागा भेटंल तिथं बसतात, आन दुर्बिणीत सगळ्यात गार काय तर प्रकाश टिपणारा डिटेक्टर, म्हणजे नेमकं नको तिथं! वरून उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेटनं ते रेणू एकमेकांना चिकटून थर पक्का तपकिरी होतो, मग निघायचं नाव नाही. नासाचं एलडीईएफ नावाचं चाचणीचं यान 1984 ला सोडलं, 1990 ला शटलनं खाली आणलं, त्याच्यावर जागोजागी असा तपकिरी थर सापडला होता.

अल्ट्राव्हायोलेट दुर्बिणीला तर नावाला थर असला तरी भारी पडतो, कार्बनवाले रेणू तोच प्रकाश खातात ना. आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रह सप्टेंबर 2015 ला गेला पण त्याच्यावरच्या अल्ट्राव्हायोलेट दुर्बिणीची, यूव्हीआयटीची, झाकणं जवळपास दोन महिने बंदच ठेवली होती, आधी यानातलं काय सुटायचं ते सुटून जाऊ दे म्हणून.

नांदेडचा_बीएस्सीवाला:
भारीच की! पण मग हीटर लावून उडवता येत नाही का?

औंढा_हिंगोली:
पाण्याचा बर्फ असंल तर येतं. युरोपची युक्लिड दुर्बीण 2023 ला गेली, त्याच वर्षी आत बर्फ साचायलाय हे कळलं, थर नॅनोमीटरमध्ये मोजायचा पण प्रकाश कमी यायला लागला. सगळी दुर्बीण तापवली तर आरशांची सेटिंग हलायची भीती, म्हणून मार्च 2024 मध्ये एकच आरसा उणे 147 वरून उणे 113 डिग्रीला नेला आन प्रकाश 15 टक्के वाढला. पण चंद्रा एक्स-रे दुर्बिणीचं बघा, 1999 ची, तिच्या कॅमेऱ्याच्या फिल्टरवर कार्बनवाला थर साचतच गेला, कमी ऊर्जेचे एक्स-रे अडायला लागले. तापवायचा विचार झाला पण जोखीम नको म्हणून केलं नाही.

जुना_फिटर_जालना:
एक राहिलं. खालच्या कक्षेत, म्हणजे तीन-चारशे किलोमीटरवर, सुटा ऑक्सिजन अणू असतो आन यान सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर पळतंय, त्यामुळं तो जोरात आदळतो. यानावर गुंडाळतात ते कॅप्टॉनसारखं प्लास्टिक त्यानं झिजतं. कार्बनचा थर असंल तर तो पण खरवडला जातो, हे एका अर्थी बरंच, पण सिलिकॉनचा थर असला की त्याची काचेसारखी सिलिका होती, मग कुणाचा बाप आला तरी निघत नाही. सिलिकॉनला लोक भितात ते उगाच नाही.

नांदेडचा_बीएस्सीवाला:
आमच्या मॉडेलला लेन्स चिकटवायला दुकानातला सिलिकॉनच आणलाय 😅

औंढा_हिंगोली:
टेबलावरच्या मॉडेलला चालतंय, लावा बिनधास्त. खरं यान असंल तर वस्तू व्हॅक्यूममध्ये 125 डिग्रीला 24 तास ठेवतात, वजन 1 टक्क्याच्या आत घटलं पाहिजे आन 25 डिग्रीच्या गार प्लेटवर जमलेलं 0.1 टक्क्याच्या आत. नासाची ह्या टेस्टची यादी नेटवर फुकट आहे, गोंदाचं नाव टाकून शोधा, प्रोजेक्टला एक टेबल आयतं भेटंल.