पिकअपमध्ये ट्रकचे सहा सिलिंडरचे इंजिन : ओढण्यासाठी त्याची खरोखर गरज आहे का?

सांवेर रोडचा लेथवाला (धाग्याचा मूळ मजकूर; खाली इतर सदस्यांची उत्तरे त्यांच्या सदस्यनामांखाली)

इंदूरच्या सांवेर रोडवर माझे लेथचे छोटे वर्कशॉप आहे आणि त्याच्या मागच्या अंगणात गेली चार वर्षे एक टाटा २०७ पिकअप धूळ खात उभी आहे. तिचे २,९५६ घनसेंटिमीटरचे मूळ डिझेल इंजिन आजही एका चावीत सुरू होते. तरीही ते उतरवून त्या जागी मोडीत निघालेल्या ट्रकचे कमिन्स ६बीटी, म्हणजे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवावे, असे माझ्या मनाने घेतले आहे. या गाडीने माल वाहायचा नाही आणि ती रस्त्यावरही काढायची नाही. हातोदकडच्या आमच्या शेतात तिने फक्त ओढायचे आहे.

ज्यांना घसरगाडा ओढण्याचा हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९६९ साली ट्रॅक्टर ओढणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि पुढे त्याच मैदानावर पिकअपही उतरू लागल्या. गाडीच्या मागे साखळीने एक लोखंडी घसरगाडा जोडतात. त्यावर वजनाची पेटी असते आणि गाडा पुढे जाईल तशी ती त्याच्याच चाकांच्या गतीने मागून पुढे सरकत जाते, त्यामुळे जमिनीवर घासणाऱ्या पत्र्यावरचा दाब दर मीटरला वाढतो. कोणतीही गाडी शेवटी थांबतेच. ती ३०० फुटांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत थांबते की पुढे जाते, एवढाच प्रश्न असतो. असा एक गाडा आम्ही चौघे मित्र मिळून बनवत आहोत.

६बीटी निवडण्यामागे माझी कारणे आहेत. १९८९ पासून हेच इंजिन अमेरिकेतल्या डॉज पिकअपमध्ये बसू लागले. तेव्हा ते १६० अश्वशक्ती आणि सुमारे ५४० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देत असे. त्याचा इंधनपंप यांत्रिक आहे, त्यामुळे संगणक, सेन्सर आणि वायरिंगचे जंजाळ मागे लागत नाही. शिवाय टाटा-कमिन्समुळे आपल्याकडच्या ट्रकांतही ते वर्षानुवर्षे चालले असल्याने लाइनर, पिस्टन, गास्केट मिळवण्यासाठी फार वणवण करावी लागणार नाही. मित्रांपैकी दोघे मात्र याला शुद्ध वेडेपणा म्हणतात. जाणकारांनी आपले मत द्यावे, परंतु कृपया कारणांसह द्यावे.

काळी माती

आपल्या मित्रांच्या बाजूने मी उभा आहे आणि कारण साध्या अंकगणिताचे आहे. आपल्या मूळ इंजिनाचा टॉर्क २२० न्यूटन-मीटर धरा आणि पहिला गिअर व डिफरन्शियल मिळून तो चाकापाशी अठरा पट होतो असे माना. चाकाची त्रिज्या ३६ सेंटिमीटर असेल, तर जमिनीवर साधारण ११ किलोन्यूटन, म्हणजे एक टनाहून अधिक ओढ मिळते. आता रिकाम्या पिकअपच्या मागच्या आसावर किती भार असतो ते पाहा. तो ८०० किलो असला आणि आमच्या माळव्याच्या वाळलेल्या काळ्या मातीवर पकडीचा गुणांक ०.६ मिळाला, तरी चाके ४८० किलोच्या ओढीलाच जागच्या जागी फिरू लागतील. याचा अर्थ, आज जे इंजिन गाडीत आहे त्याचीच निम्म्याहून अधिक ताकद जमिनीपर्यंत पोहोचत नाही. तेथे ५४० न्यूटन-मीटर आणून आपण नेमके काय साधणार? टायर अधिक जोरात फिरतील, खड्डा अधिक खोल होईल आणि गाडी पोटावर बसेल.

ओढणाऱ्या गाडीत पैसा आधी वजन, टायर आणि चारही चाकांना जोर देणाऱ्या ट्रान्सफर केसवर घालावा. दोनच चाके ओढणार असतील तर बॉनेटखाली काहीही ठेवा, फरक पडणार नाही.

पीथमपूरकर

वरील हिशेब बरोबर आहे, परंतु तो उभ्या गाडीचा हिशेब आहे. घसरगाड्याच्या खेळात उभ्याने कोणी ओढत नाही. सुरुवातीला वजनपेटी मागे असते, गाडा हलका असतो आणि तेवढ्या काळात जी गती मिळते तिच्याच जोरावर शेवटचे वीस मीटर निघतात. म्हणून येथे केवळ ओढ मोजून भागत नाही. ती कोणत्या वेगाने टिकते, हे मोजावे लागते. १० किलोन्यूटनची ओढ ताशी ३० किलोमीटर वेगाने टिकवायची असेल, तर चाकापाशी ८३ किलोवॅट, म्हणजे सुमारे ११३ अश्वशक्ती पोहोचली पाहिजे. मूळ इंजिन एवढे देणार नाही.

याच कारणाने ६बीटीचा उपयोग पहिल्या गिअरमध्ये नाहीच. अठरा पटीच्या गिअरमध्ये ते २,५०० फेऱ्यांवर गेले तरी गाडी ताशी १९ किलोमीटरच्या पुढे सरकणार नाही. तेच नऊ पटीच्या वरच्या गिअरमध्ये घाला : वेग ताशी सुमारे ३८ किलोमीटरपर्यंत जातो आणि तरीही चाकापाशी साडेतेरा किलोन्यूटन ओढ उरते. मूळ इंजिन त्याच गिअरमध्ये साडेपाच किलोन्यूटनवर गुदमरेल. मोठ्या इंजिनाने आपण ओढ विकत घेत नसून वरच्या गिअरमध्ये ओढण्याची मुभा विकत घेतो, हा मुद्दा या चर्चेत सुटू नये.

वजनाबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या आजोबांच्या पिढीला बैलगाडी भरताना गाडी धुरजड (पुढे जड) आहे की उलाळ (मागे जड), हे पाहावे लागे. येथे तेच घडते. साखळी जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर जोडली, व्हीलबेस, म्हणजे दोन आसांमधले अंतर, २.८ मीटर असला आणि एक टनाची ओढ आली, तर केवळ त्या ओढीने पुढच्या आसावरचा दोनशे किलोहून अधिक भार मागे जातो. गाडी उलाळ होते, पुढची चाके हलकी होतात आणि त्यांच्यातली ओढ नाहीशी होते. यावर उपाय म्हणून स्पर्धक बंपरच्या पुढे लोखंडी वजने टांगतात. ६बीटी सुमारे ५०० किलोचे आहे. जे वजन नाकावर मुद्दाम टांगावे लागते, त्यातले बरेचसे इंजिनाच्या रूपाने आपोआप मिळत असेल, तर त्याला दोष कसा म्हणावा?

काळी माती

पुढची चाके ओढत असतील तरच तो गुण आहे. धागाकर्त्याने चार चाकांच्या जोराचा एका शब्दानेही उल्लेख केलेला नाही. दोन चाकांच्या गाडीत नाकावर अर्धा टन ठेवणे म्हणजे जे बैल ओढत नाहीत त्यांच्या मानेवर जू ठेवण्यासारखे आहे.

ट्रान्सपोर्ट नगर

मी दोघांशीही अर्धा सहमत आहे, कारण हा उद्योग मी एकदा करून बसलो आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पिकअपमध्ये मी ट्रकचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवले होते. इंजिन बसवणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग होता, हे कोणी आधी सांगितले असते तर माझा एक उन्हाळा वाचला असता.

पहिली अडचण लांबीची येते. सहा सिलिंडर एका ओळीत ठेवायचे म्हणजे रेडिएटर पुढे ढकला नाहीतर केबिनची पुढची भिंत कापा. मी भिंत कापली. त्यानंतर पायाशी एवढी उष्णता येऊ लागली की जानेवारीतही चप्पल तापत असे. दुसरी अडचण सम्पची, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीची. तो पुढच्या आसाशी किंवा स्टिअरिंगच्या दांड्याशी भिडतो, म्हणून इंजिन उंच घ्यावे लागते. इंजिन उंच घेतले की गिअरबॉक्सचा कोन बदलतो. पिकअपचा गिअरबॉक्स ५४० न्यूटन-मीटर सहन करण्यासाठी बनवलेला नसतो, म्हणून मी ट्रकचा गिअरबॉक्स घेतला. तो लांब निघाला, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंतचा फिरता दांडा, आखूड झाला आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (वळत्या सांध्यांचे) कोन एकमेकांशी जुळेनासे झाले. ते जुळवून घेण्याचा धीर मला नव्हता, ही चूक सर्वस्वी माझी. तिसऱ्याच ओढीत मागचा क्रॉस तुटला आणि सुटलेल्या शाफ्टने केबिनचा तळ खालून फाडला. माझा पाय तेथून एक वीत दूर होता.

म्हणून माझे मत असे आहे की टाटाचेच ४९७ कुळातले ३,७८३ घनसेंटिमीटरचे टर्बो-इंटरकूलर इंजिन घ्यावे. आपले मूळ इंजिनही त्याच ९७ मिलिमीटर बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचे, आहे. फरक मुख्यतः स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या धावेचा : मूळ इंजिनात १०० आणि यात १२८ मिलिमीटर. चार सिलिंडर असल्याने ते बॉनेटखाली मावण्याची शक्यता पुष्कळ अधिक आहे. यांत्रिक पंपाचे जुने मॉडेल मिळाले तर पंपाचे सेटिंग थोडे वाढवून आणि टर्बोचा दाब जुळवून त्यातून बरेच काही निघते. देवासला टर्बो बनतात, इंदूरला ते दुरुस्त करणारे कारागीर आहेत. या बाबतीत आपण नशीबवान आहोत. मात्र पंप वाढवताना एक्झॉस्टच्या वाटेवर तापमापक बसवल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका. काळा धूर म्हणजे ताकद असे समजणाऱ्यांचे पिस्टन मी वितळलेले पाहिले आहेत.

कागदपत्रे

या चर्चेत कायदा कोणीच काढला नाही, म्हणून दोन वाक्ये लिहितो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. आपण गाडी शेतातच ठेवणार आहात, हे मान्य. पण सांवेर रोडवरून हातोदला ती जाणार कशी? स्वतःच्या चाकांवर नेऊ नका, ट्रॉलीवर चढवून न्या, आणि तिची नोंदणी रीतसर रद्द करून घ्या.

पीथमपूरकर

शाफ्टचा अनुभव वाचून मला माझ्या बाजूचाच एक राहिलेला मुद्दा लिहिणे भाग आहे. डिझेल इंजिनाला बंद करण्यासाठी इंधन तोडणे पुरेसे असते, हा समज टर्बोच्या गाडीत धोक्याचा आहे. टर्बोचा सील गेला तर इंजिन स्वतःचेच तेल जाळून बेफाम धावू लागते आणि चावी काढली तरी थांबत नाही. ते थांबवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे हवा तोडणे. त्यासाठी इनटेकच्या तोंडावर झडप हवी, आणि तिची दोरी चालकाच्या हाताशी तर हवीच, परंतु गाडीच्या मागेही हवी, म्हणजे साखळीजवळ उभा असलेला माणूसही ती ओढू शकेल. प्रोपेलर शाफ्टभोवती जाड पोलादी कडी, फ्लायव्हीलभोवती पोलादी कवच आणि बघ्यांसाठी दोन्ही बाजूंना दूरवर दोर, एवढे नसेल तर मी माझे वरचे मत मागे घेतो. पंजाबात ऑक्टोबर २०२३ मध्ये एका कसरतपटूच्या मृत्यूनंतर सरकारने ट्रॅक्टरच्या कसरतींवर बंदी घातली. तो खेळ वेगळा आहे, परंतु शेतात लोखंड, वेग आणि गर्दी एकत्र आली की काय होते ते सारखेच असते.

४९७ बद्दल मात्र माझा विरोध कायम आहे. पंप वाढवून वाढवून चार सिलिंडरला सहाच्या कामाला जुंपायचे आणि दर हंगामात हेड गास्केट बदलायचे, याला मी बचत म्हणत नाही. अमेरिकेतही पिकअपच्या वर्गांची विभागणी टर्बोच्या तोंडाच्या मापावर करतात, कारण शेवटी हवा जेवढी आत जाईल तेवढेच डिझेल कामाचे. जास्त घनफळाचे इंजिन तीच ताकद कमी दाबावर देते आणि म्हणून ते टिकते.

सांवेर रोडचा लेथवाला

सर्वांचे आभार. ट्रान्सफर केसचा उल्लेख मी केला नाही, कारण त्याचा मी विचारच केला नव्हता, हे कबूल करतो. काल गाडी वजनकाट्यावर नेली, अर्थात ट्रॉलीवर लादूनच, आणि तेथे एका वेळी एकच आस काट्यावर घेतला. मागच्या आसावर ७६० किलो भरले, म्हणजे ‘काळी माती’ यांचा अंदाज माझ्या बाजूने थोडा उदारच होता.

आता असे ठरवले आहे की गाडा तयार होताच आधी मूळ इंजिनावरच ओढून पाहायचे : एकदा रिकामी गाडी आणि एकदा मागे वाळूची सहाशे किलोची पोती टाकून. दोन्ही वेळा वेग आणि अंतर मोजू. वाळू टाकल्यावर चाके जागच्या जागी फिरायची थांबून इंजिनच दमून बंद पडू लागले, तर प्रश्न ताकदीचा आहे असे समजेन. तोपर्यंत भंगारवाल्याला ६बीटीसाठी दिलेला विसार परत मागत नाही.

काळी माती

पोती नीट बांधा आणि आसाच्या बरोबर वर ठेवा. फाळक्याला टेकवलीत तर पुढची चाके हलकी होतील आणि आमच्या पीथमपूरच्या मित्रांना पुन्हा बैलगाडी आठवेल.