स्कॉटलंडच्या बेटांवर राहिला आहात? मग लिहा

एडिंबरा, किल्ट आणि व्हिस्कीवर पुष्कळ लिहून झालंय. हा धागा पश्चिमेकडच्या छोट्या बेटांसाठी. नोकरीला होतात, फिरायला गेलात, वादळात अडकलात, काहीही चालेल. फेरीबोटीच्या तक्रारीही चालतील, पण नुसत्या त्याच नकोत.

*

नवरा डॉक्टर, म्हणून आम्ही लुईस बेटावर, अगदी उत्तरेला नेस भागात. इथले लोक कडक प्रोटेस्टंट, त्यामुळे इथे आधी कळतो तो रविवार, देवाचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत. कायदा नाही, कुणी बोलतही नाही. पण शनिवारी संध्याकाळी शेजारच्या आजींची दोरी रिकामी झाली की आपलीही होते. बेटावरचं मुख्य शहर स्टॉर्नोवे, तिथून रविवारची फेरीबोट २००९ मध्ये सुरू झाली, तीही बऱ्याच वादानंतर. तिथलं टेस्को सुपरमार्केट रविवारी उघडायला २०२४ उजाडलं. जाच म्हणा हवं तर, मला आवडतो.

मे महिन्यात पीट काढायला शेजाऱ्यांबरोबर गेलो. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबलेलं गवत-शेवाळ, वाळलं की जळतं. एकजण लांब दांड्याच्या हत्याराने ओल्या काळ्या विटा कापतो, दुसरा खाली उभा राहून त्या झेलतो आणि वर काठावर पसरतो. झेलणाऱ्याची कंबर जाते. थोड्या सुकल्या की तीन-चार विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, आणि खडखडीत झाल्यावर घराशेजारी रचायच्या. विटा तिरप्या लावायच्या, म्हणजे पाऊस आत मुरत नाही. कुणाची रास कशी रचलीय यावर गावात शेरे मारले जातात! आता बऱ्याच घरांत तेलावरचं हीटिंग आहे, तरी काहीजण हट्टाने पीट काढतातच.

*

ताई, नेसला राहून गुगा खाल्लात की नाही?

*

खाल्ला. गुगा म्हणजे गॅनेट या समुद्रपक्ष्याचं पिल्लू. ऑगस्टमध्ये नेसची माणसं बोटीने सुला स्गेर खडकावर जाऊन, मुक्काम करून, पिल्लं मारून खारवून आणतात. त्याला सरकारी परवाना लागतो, आणि पक्षीप्रेमींचा कडाडून विरोध आहे. उकडलेल्या बटाट्यांबरोबर वाढतात. ज्यांना सुक्या बांगड्याचा वास चालतो त्यांनी धाडस करावं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

*

मी एग बेटावर उतरलो होतो. वस्ती शंभरेक. १९९७ मध्ये रहिवाशांनी पैसे उभे करून बेटच विकत घेतलं. २००८ पासून वीजही स्वतःची: पाणी, वारा आणि ऊन. प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॉट, बस्स. घरमालकीण किटली लावण्याआधी वॉशिंग मशीन थांबलंय का ते बघून यायच्या. पैसेवाल्यालाही जास्त वीज नाही. आमच्या सोसायटीत हे मांडून बघायला हवं, मारामाऱ्या होतील.

*

लुईसच्या ताईंसाठी: आमचं बारा बेट त्याच माळेत, पण दक्षिणेला आणि कॅथलिक, त्यामुळे रविवारचा तो दरारा इथे नाही. ग्लासगोचं विमान समुद्रकिनाऱ्यावर, थेट वाळूत उतरतं. वेळापत्रक भरती-ओहोटीवर. एरवी त्याच वाळूत लोक शिंपले वेचतात.

*

सगळे गोडगोड लिहिताय. मी मासळीच्या शेतीवर कामाला होतो. घरं सुट्टीवाल्यांनी घेऊन ठेवलेली, त्यामुळे कामगाराला भाड्याने खोली मिळेना. हिवाळा कॅराव्हानमध्ये काढला. डिसेंबरात दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, वारा सुटला की बोट रद्द आणि दुकानात पाव नाही. एक मात्र सांगतो. गावातले एक आजोबा गेले, तेव्हा शवपेटी गाडीत न घालता पुरुषांच्या दोन रांगांनी खांदा बदलत चालत नेली. मी लांब उभा होतो. एकाने दंडाला धरून रांगेत घेतलं, माझी पाळी आली तेव्हा मीही खांदा दिला.

*

पश्चिमेचे नाहीत, पण उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरचे कुठे आहेत? तिथल्या लेरविक गावात जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी अप हेली आ हा सण असतो, मशालींची मिरवणूक आणि व्हायकिंग नौकेची होळी. पाहिलं असेल त्यांनी सविस्तर लिहा, आणि थंडीत काय घालून उभे होतात तेही सांगा.