मदत हवी आहे: २४ वर्षांनी ज्युदो परत सुरू करायचाय, सांगली-मिरजेत चांगले सर किंवा मॅडम कुणी सुचवाल का?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी विश्रामबागला राहते, वय ४२. सहावीत ज्युदो सुरू केला तो बारावीपर्यंत, गावभागात आमच्या सरांचा क्लास होता, एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी मॅट टाकायच्या आणि साडेआठला आम्हीच पोरापोरींनी उचलून रचून ठेवायच्या. ब्राऊन बेल्टपर्यंत पोचले होते. मग इंजिनिअरिंगला पुणे, नोकरी, लग्न, दोन मुलं. सासूबाईंच्या तब्येतीमुळे आता परत सांगलीत आलोय. सर राहिले नाहीत. त्यांच्या मॅट २०१९ च्या महापुरात भिजून कुजल्या असं मैत्रिणीनं सांगितलं, त्यानंतर तो क्लास उभा राहिलाच नाही.

सरांनी पहिले दोन महिने आम्हाला फक्त पडायला शिकवलं होतं. उकेमी. मागे पडायचं, बाजूला पडायचं, हनुवटी छातीला लावायची, हात सपाट आपटायचा. डोकं मॅटला टेकलं की सर हॉलच्या त्या टोकाकडून ओरडायचे. आम्हाला कंटाळा यायचा, आम्हाला तर सेओई नागे मारायचा असायचा (कुस्तीवाल्यांसाठी सांगते, आपला धोबीपछाड त्याच जातीचा). गेल्या पावसाळ्यात माझी गाडी चिखलावरून घसरली, मी पाठीवर पडले आणि मान आपोआप आत गेली, हेल्मेट नव्हतं ही माझी चूकच, पण डोकं रस्त्याला लागलं नाही. घरी येऊन खूप रडले. सर गेले तेव्हा मी भेटायलाही आले नव्हते. त्या रात्रीच ठरवलं की परत मॅटवर जायचं.

आतापर्यंत दोन ठिकाणी जाऊन आले. पहिल्या ठिकाणी गेल्या गेल्या रांदोरीला (मोकळ्या सराव-लढतीला) उभं केलं, समोर सतरा वर्षांचा मुलगा, मला उकेमी येते का हे कुणी विचारलंसुद्धा नाही, तिसऱ्या मिनिटाला आडवी झाले आणि खांदा पंधरा दिवस दुखला. त्या मुलाचा दोष नाही, त्याला हळू खेळ म्हणून सांगायला कुणीतरी हवं होतं ना. दुसऱ्या ठिकाणी बसल्या बसल्या दीड वर्षात ब्लॅक बेल्टचं पॅकेज सांगितलं, पूर्ण फी एकदम. मी चहा न घेताच उठले.

डाव्या गुडघ्याचा मेनिस्कस (आतली गादी) थोडा फाटलेला आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं, फिजिओचे व्यायाम तीन महिने केले, आता जिना चढताना दुखत नाही. ज्युदोला त्यांनी हो म्हटलंय, फक्त पाय रोवून गुडघा पिळायचा नाही. घरचे म्हणतात या वयात योगा कर. कुणी म्हणतं आपला कुस्तीचा मुलूख, तालमीत जा की. २०२३ ला पहिली महिला महाराष्ट्र केसरी इथंच सांगलीत झाली आणि आपल्याच प्रतीक्षा बागडीनं मारली, तेव्हापासून माझी ११ वर्षांची मुलगीही मागे लागलीये. पण मला ज्युदोच करायचाय.

तर सांगली, मिरज, कुपवाड भागात मोठ्या माणसांना शिकवणारं कुणी आहे का? सर चांगले आहेत हे पहिल्या दिवशी कसं ओळखायचं? आणि जुना ब्राऊन बेल्ट बांधून जाऊ का पांढरा?

---

प्रतिसाद १

ताई, मी कराडचा, स्वतः ज्युदोवाला, ३९ व्या वर्षी परत आलो तेव्हा हेच सगळं झालं होतं त्यामुळं मनापासून लिहितोय.

आधी क्लास शोधायचा मार्ग. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा. शालेय ज्युदो स्पर्धा तेच घेतात, १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या. त्या कधी आहेत विचारा आणि दिवसभर जाऊन बसा. जिंकणाऱ्या पोरांचे कोच तर दिसतीलच, पण हरलेलं पोरगं मॅटवरून खाली आल्यावर त्याचा कोच काय करतो ते बघा. माझे आत्ताचे सर मला तिथंच सापडले, हरलेल्या मुलाचा बेल्ट सोडून नीट बांधून देत होते आणि पाय कुठं चुकला ते हळू आवाजात सांगत होते.

मग क्लासला जाऊन एक अख्खा तास नुसतं बघा. बघू देत नसतील तर तिथूनच परत फिरा. मॅटमध्ये फटी आहेत का बघा, पायाचं बोट त्यातच अडकतं आणि गुडघा तिथंच जातो. सगळ्यात कच्च्या पोराकडं सर किती वेळा जातात ते बघा. सीनियर पोरं लहानांना पाडताना बाही धरून ठेवतात का सोडून देतात हे तर नक्की बघा, बाही धरली की पडणारा हळू उतरतो, आणि ही सवय सरांनी लावल्याशिवाय लागत नाही. पटियालाचा एनआयएस (कोचिंगचा) डिप्लोमा आहे का विचारायला हरकत नाही, पण त्याच्याआधी विचारा की तुमच्याकडं चाळिशीपुढचं कोण येतं आणि किती वर्षं येतंय.

गुडघ्याचं सरांना पहिल्याच दिवशी सांगा, लपवू नका. पहिला दीड महिना उकेमी आणि उचिकोमी (समोरच्याला न पाडता डावात पुन्हा पुन्हा शिरायचा सराव), रांदोरी नाही म्हणजे नाही. गुडघे टेकून मारायचा सेओई विसरून जा. नेवाझा (जमिनीवरची लढत) करताना गुडघ्यावर किती वेळ चालतंय ते फिजिओला विचारून घ्या.

अजून एक, तुम्ही सोडलात तेव्हा पाय धरून पाडलेलं चालायचं. २०१० पासून थेट पायाला हात घालायला बंदी आली आणि २०१३ पासून उभ्यानं पाय धरणं स्पर्धेतून पूर्णच गेलं. मोरोते गारी (दोन्ही पाय धरून पाडायचा डाव) तुमचा हातखंडा असेल तर जड जाईल. मला फार जड गेलं, हात आपोआप खाली जायचा.

बेल्टचं सरांना विचारा, पण माझं मत ब्राऊनच बांधा. तो तुमच्या सरांनी दिलाय. आणि दीड वर्षात ब्लॅक म्हणणाऱ्यांचं सोडा, शोदान (पहिला ब्लॅक बेल्ट) म्हणजे तरी काय, पहिली पायरीच.

---

प्रतिसाद २

मुलीला आणि तुम्हाला एकाच बॅचला घेतील असं बघा. आमच्याकडे आई-मुलगा एकत्र येतात, दोघांच्या सुट्ट्या कमी झाल्या. आणि गी (ज्युदोचा ड्रेस) घेताना जाड विणीचाच घ्या, स्पोर्ट्सच्या दुकानात कराटेचा पातळ ड्रेस गळ्यात मारतात, तो पहिल्याच पकडीत टर्रकन फाटतो.

---

धागाकर्ती

दादा, तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. मोरोते गारीच माझा हातखंडा होता, तुम्ही कसं ओळखलंत! नवऱ्यालाही वाचून दाखवलं, तो अजून साशंक आहे. त्याला ज्युदोवाल्या केइको फुकुदांचं सांगितलं, त्यांना २०११ मध्ये ९८ व्या वर्षी अमेरिकेत १० वा दान (ब्लॅक बेल्टची सगळ्यात वरची पायरी) मिळाला, मी तर ४२ चीच आहे.

क्रीडा कार्यालयात सोमवारी जाते. बेल्ट ट्रंकेत सापडला, एका टोकाला सरांनी मार्करनं लिहिलेलं माझं नाव अजून वाचता येतंय, तोच बांधणार.

आता एकच मोठी अडचण उरली. ज्युदो एकटीनं होत नाही. उचिकोमीला रोज कुणीतरी समोर लागतं आणि ते माझ्या वजनाच्या आसपासचं लागतं, मी ६१ किलो. विश्रामबाग, मिरज किंवा कुपवाडला राहणारी कुणी बाई इथं वाचत असेल, आधी केलेलं असो नसो, तर मेसेज करा. पडायला मी शिकवते.