आईचा टीएसएच स्थिरच होत नाहीये, डोस सतत बदलतोय. मदत हवी आहे

आई ६३ वर्षांची आहे, वजन ६० किलो. दीडेक वर्षापूर्वी थायरॉइड कमी काम करत असल्याचं निदान झालं. गोळी ती अगदी नेमाने घेते, तरी डोस काही जागेवर येत नाही. प्रत्येक रिपोर्टनंतर तो बदलतो आणि पुढचा रिपोर्ट थेट दुसऱ्या टोकाला गेलेला असतो. थोडं लांबलंय, पण जाणकारांनी कृपया पूर्ण वाचावं.

निदानाच्या वेळी टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं हार्मोन) १८.४ म्हणजे बराच जास्त, फ्री टी४ (थायरॉइड स्वतः बनवतं ते हार्मोन) कमी, अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची अँटीबॉडी) पॉझिटिव्ह. लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) ५० मायक्रोग्रॅम सुरू झालं. दोन महिन्यांनी टीएसएच ९.२, म्हणून ७५. त्यानंतर तीन आठवडेही नीट झाले नव्हते, तोच रात्री पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून दुसरीकडे दाखवलं. तिथे लगेच तपासणी झाली, ६.४ आला आणि डोस १००. पुढे काही महिन्यांनी वेगळ्या लॅबमध्ये टीएसएच ०.१५ आणि फ्री टी४ वरच्या मर्यादेच्या जरा पुढे. डोस एकदम ५० वर आणला. आता परत ११.

हे सगळे आकडे झाले. घरात जे दिसतं ते असं, की सगळे पंख्याखाली बसलेले असताना आई अंगावर शाल घेऊन बसते. आवाज घोगरा झालाय, फोनवर ओळखीची माणसंही सर्दी झाली का म्हणून विचारतात. बद्धकोष्ठता आहे, भुवयांची बाहेरची टोकं विरळ झालीत. आणि १०० च्या काळात याच्या नेमकं उलटं होतं: कुशीवर झोपलं की उशीत स्वतःच्या छातीची धडधड ऐकू येते म्हणायची, हातात कप धरला की बोटं थरथरायची. आता ती मला विचारते, "माझं नक्की काय जास्त आहे नि काय कमी?" माझ्याकडे उत्तर नाही.

मला कळत नाहीये ते एवढंच: डोस बदलल्यावर किती थांबून तपासायचं? फक्त टीएसएच पुरेसा की टी३ (थायरॉइडचं दुसरं हार्मोन), टी४, अँटीबॉडी सगळं दर वेळी करायचं? आणि एकाच माणसाचा आकडा ०.१५ वरून ११ वर जातो तरी कसा? डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधी काय विचारायचं हे मला नीट ठाऊक हवंय.

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्यातूनच उलगडतं.

टीएसएच थायरॉइड बनवत नाही, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी बनवते. रक्तात टी४ कमी पडलं की ती थायरॉइडला हाका मारते. जितकं कमी, तितकी मोठी हाक. पण हे नातं सरळ प्रमाणात नसतं. टी४ थोडंसं घसरलं तरी टीएसएच कित्येक पटींनी चढतो, आणि थोडं वाढलं की तसाच कोसळतो. त्यामुळे आकड्यातली उडी दिसते तेवढा फरक प्रत्यक्ष शरीरातल्या हार्मोनमध्ये असेलच असं नाही.

दुसरं, या गोळीचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं निम्मं औषध संपायला लागणारा काळ, सुमारे ७ दिवस. म्हणजे नव्या डोसला रक्तात स्थिरावायला पाचेक आठवडे लागतात आणि पिट्यूटरी त्याच्याही मागून सावरते. म्हणून डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी तपासायचं. तीन आठवड्यांनी आलेला ६.४ हा ७५ च्या डोसचा निकाल नव्हताच, आकडा अजून खाली येत होता. कदाचित ७५ वरच त्या बऱ्या झाल्या असत्या. ते तपासायची संधीच मिळाली नाही.

आणि १०० वरून थेट ५० ही फार मोठी उडी आहे. साधारणपणे १२.५ ते २५ च्या टप्प्यानेच वर-खाली करतात. थायरॉइड जवळजवळ बंदच असेल तर पूर्ण डोस किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम धरतात, म्हणजे ६० किलोला साधारण ९५. ग्रंथी थोडीफार काम करत असेल तर त्याहून कमी पुरतं. आईंचा डोस ७५ च्या आसपास बसेल असा माझा कयास आहे, पण ठरवतील डॉक्टरच.

आता काही गोष्टी सांगा. गोळी कधी आणि कशासोबत घेतात? कॅल्शियम, लोह, अ‍ॅसिडिटीची गोळी चालू आहे का? केसांसाठी काही घेतात का?

प्रतिसाद २

वरच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार महत्त्वाचं आहे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून कळकळीने लिहितेय. केसांच्या आणि नखांच्या गोळ्यांत बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व असतं, कधी ५ तर कधी १० मिलिग्रॅम. शरीराची रोजची गरज मायक्रोग्रॅममध्ये आहे, म्हणजे हे प्रमाण शेकडो पटींनी जास्त झालं. थायरॉइडच्या बऱ्याच चाचण्यांच्या रसायनांतच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त झालं की चाचणी फसते: टीएसएच खोटाच कमी दिसतो आणि फ्री टी४ खोटंच जास्त. डोस जास्त झाल्यावर जसं चित्र दिसतं हुबेहूब तसंच. सगळ्या लॅबची पद्धत एक नसते, त्यामुळे एकीकडे रिपोर्ट फसतो आणि दुसरीकडे बरोबर येतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद हवं, डोस मोठा असेल तर आणखी आधीपासून.

शिवाय टीएसएच दिवसभरात बदलतो, पहाटे जास्त आणि दुपारी कमी. एकदा सकाळी आठला, एकदा दुपारी तीनला रक्त दिलं तर तुलना करण्यात अर्थ उरत नाही. एकच लॅब आणि एकच वेळ ठेवा. फ्री टी४ करणार असाल तर त्या सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची, कारण गोळी घेतल्यावर काही तास ते वाढलेलं दिसतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आईला विचारलं. गोळी उठल्याउठल्या पाण्यासोबत, मग अर्ध्या तासाने नाश्ता, आणि नाश्ता झाला की लगेच कॅल्शियम. ते हाडांसाठी गेल्या वर्षी लिहून दिलं होतं, थायरॉइडच्या गोळीपासून लांब ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं. अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल अधूनमधून घेते. आणि हो, केस गळतात म्हणून एक गोळी चालू आहे. पाकिटावर बायोटिन १० मिलिग्रॅम लिहिलंय. ०.१५ आला तेव्हा ती चालूच होती.

मग तो रिपोर्ट खोटा होता का? पण धडधड तर खरी होती.

प्रतिसाद २

खात्रीने आता सांगता येणार नाही. डोस खरंच जास्त झाला असेल आणि बायोटिनमुळे आकडा आणखी खाली दिसला असेल, दोन्ही एकाच वेळी शक्य आहे. धडधड आणि थरथर होती म्हणजे डोस थोडा तरी जास्त असावा. किती जास्त, ते त्या कागदावरून कळणार नाही. डॉक्टरांना बायोटिनचं पाकीट दाखवाच.

प्रतिसाद ३

मी फिजिशियन आहे. इथे प्रिस्क्रिप्शन देणार नाही, पण डॉक्टरांशी काय बोलायचं ते सांगतो.

कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात ४ तासांचं अंतर हवं. कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणासोबत घेतलं की प्रश्न मिटतो. पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांमुळेही शोषण घटतं. त्या घ्यायच्याच असतील तर रोज ठरलेल्या वेळी घ्याव्यात, म्हणजे डोस त्यानुसार बसवता येतो. अधूनमधून घेतल्या की आकडे हलतात. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, चहा-कॉफी आणि नाश्त्याआधी ३० ते ६० मिनिटं. सकाळी जमत नसेल तर रात्री झोपताना घेतली तरी चालते, फक्त जेवून ३ तास झालेले हवेत. जी वेळ धराल ती कायम ठेवा.

तपासण्यांबद्दल. आजार थायरॉइडचाच असल्याने टीएसएच मुख्य. डोस बसेपर्यंत सोबत फ्री टी४ पाहिलं तर चांगलं. टी३ पाहून या आजारात डोस ठरत नाही. अँटी-टीपीओ एकदा पॉझिटिव्ह आली की निदान झालं, हाशिमोटो थायरॉइडायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते तो आजार. ती पुन्हापुन्हा करून उपचारात काही बदलत नाही. त्याऐवजी एकदा हिमोग्लोबिन, बी १२, ड जीवनसत्त्व आणि कोलेस्टेरॉल बघा. थकवा आणि पोटऱ्यांतले गोळे सगळेच थायरॉइडचे असतील असं नाही. बी १२ विशेष करून, कारण हाशिमोटोच्या काही रुग्णांत ते शोषण्याची क्षमताही कमी झालेली असते.

आईंच्या वयात जास्त डोसची मला कमी डोसपेक्षा अधिक काळजी वाटते. टीएसएच ०.१ च्या खाली दीर्घकाळ राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडं ठिसूळ होतात. हाडांसाठी कॅल्शियम घ्यायचं आणि इकडे डोस जास्त ठेवायचा, हे व्हायला नको. मागे कधी ईसीजी काढला नसेल तर तोही काढून घ्या.

प्रतिसाद ४

आईंच्या प्रश्नाने गलबलून आलं. माझ्या बहिणीचंही असंच होतं. तिला वाटायचं गोळी जन्मभराची म्हणजे आपण कायमचे आजारी. तुमच्या आईंना तसं वाटत असेल तर सांगा की ही गोळी म्हणजे शरीर स्वतः बनवतं तेच टी४ आहे, हुबेहूब तोच रेणू. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून पहिल्यांदा अशा रुग्णावर उपचार केले. ४६ वर्षांच्या बाई होत्या, अंग सुजलेलं, हालचाल मंदावलेली. त्या पुढे आणखी २८ वर्षं जगल्या. त्या काळी अर्कात हार्मोन किती आहे हेसुद्धा मोजता येत नव्हतं. आज १२.५ मायक्रोग्रॅमपर्यंत नेमकं मोजून देता येतं, त्यामुळे आईंचा डोस नक्की बसेल. थोडा धीर धरा.

एक विचारायचं राहिलं: गोळीचा ब्रँड मध्ये बदलला होता का? बदलला तर तेव्हाही ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच बघावा लागतो. आणि गोळ्या ऊन, दमट हवा यांपासून लांब, मूळ पॅकिंगमध्येच ठेवा.

धागाकर्ती

डॉक्टरांना भेटून आलो. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, प्रत्येकावर त्या वेळचा डोस लिहून नेले होते. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि पहिलं वाक्य हेच, की ७५ च्या डोसला पुरेसा वेळ मिळालेलाच नाही. आता ७५, बायोटिन बंद, कॅल्शियम रात्री. ईसीजी ठीक आहे. बी १२ बरंच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू केलीत. पुढची तपासणी आठ आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये सकाळी. ब्रँड एकदा बदलला होता, आता एकच ठेवायला सांगितलाय. ७५ ने थोडं कमी पडलं तर एक दिवस ७५, एक दिवस १०० असं करता येईल म्हणाले.

एकच विचारायचं राहून गेलं. एखाद्या सकाळी गोळी राहिलीच तर काय करायचं?

प्रतिसाद ३

त्याच दिवशी आठवलं तर पोट रिकामं असेल तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवलं तर नेहमीची एकच गोळी. औषध शरीरात बरेच दिवस टिकतं, त्यामुळे एखादी राहिल्याने बिघडत नाही, पण रिपोर्ट बघताना ती नोंद उपयोगी पडते. एक दिवसाआड वेगळा डोस द्यायलाही म्हणूनच हरकत नसते.

या आठ आठवड्यांत छातीत दुखलं, ठोके अनियमित वाटले, दम लागला, किंवा उलट फार गुंगी येऊन बोलणं असंबद्ध झालं, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता लगेच दवाखान्यात न्या. बाकी शाल आणि आवाज लगेच बदलणार नाहीत. आवाज आणि त्वचेला आकडा सुधारल्यानंतरही काही महिने लागतात, तेवढ्यावरून मध्येच डोस वाढवून मागू नका.