लिटल मोरटन हॉल कशाने वाकला?

इंग्लंडच्या चेशर परगण्यातील लिटल मोरटन हॉल हा खंदकाने वेढलेला लाकडी वाडा कच्च्या पायामुळे वाकला, असे एक मत आहे; मला मात्र त्याचे मुख्य कारण पायापेक्षा माथ्यावर दिसते. सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेले हे बांधकाम मोरटन घराण्याने सुमारे शंभर वर्षे टप्प्याटप्प्याने वाढवत नेले, आणि त्यात दक्षिणेकडील इमारतीच्या डोक्यावर जवळजवळ २१ मीटर लांबीचे दालन, म्हणजे तिथली प्रसिद्ध लाँग गॅलरी, चढवली गेली. तिच्या छपरावर कौले नाहीत, जाड दगडी फरश्या आहेत. हे सारे ओझे ओकच्या खांब-तुळयांच्या सांगाड्यावर येते, कारण अशा घरांत मधल्या भिंती आपल्याकडच्या कुडासारख्या केवळ भरावाच्या असतात. तरीही वाडा उभा आहे, याचे श्रेय मी खाच आणि कुसू (खाचेत बसणारे लाकडाचे टोक) जुळवून लाकडी खुंट्यांनी पक्क्या केलेल्या सांध्यांना देईन. असा सांगाडा भाराखाली वाकतो, पण सहसा एकाएकी तुटत नाही.

चौकात पुढे आलेल्या खिडक्या तर आवर्जून जवळून पाहाव्यात. त्यांच्या लाकडावर १५५९ हे वर्ष रोमन अंकांत कोरलेले असून, त्या करवून घेणाऱ्या विल्यम मोरटन यांच्याबरोबरच त्या घडवणाऱ्या रिचर्ड डेल या सुताराचेही नाव तिथे आहे. त्या काळातील कारागिरांची नावे क्वचितच उरली आहेत, म्हणून मला तो लेख गॅलरीहूनही मोलाचा वाटतो.