जुनी फायबर बोट: रंगाखालची बांधणी कशी तपासायची?

धोमकाठ, वाई
धोमच्या पाण्यात गळ टाकायला १४ फुटी जुनी फायबर बोट बघतोय. माणसं दोन, इंजिन १५ एचपी आउटबोर्ड. बोटीला नुकताच रंग मारलाय, दिसायला झकास आहे. आतली अवस्था पैसे देण्याआधी कशी ओळखायची?

कृष्णाकाठ, सांगली
रंग सोडा, आधी ट्रान्सम बघा. इंजिन अडकवतात ती मागची उभी फळी. फायबरच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. इंजिनाच्या बोल्टची आणि ड्रेन प्लगची, म्हणजे बोटीतलं पाणी काढायच्या बुचाची, भोकं नीट सील केलेली नसली की तिथून पाणी मुरतं, प्लाय कुजतं आणि बाहेरून पत्ता लागत नाही.

इंजिन लावलेलं असेल तर ते थोडं वर उचलून लॉक करा, खालचा भाग धरून वर-खाली जोर द्या आणि नजर फळीवर ठेवा. फळी लवली किंवा कोपऱ्यात भेग उघडली तर व्यवहार तिथेच थांबवा. मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने दोन-दोन इंचांवर ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. मध्येच भद्द वाजलं तर थर सुटलेत किंवा लाकूड ओलं आहे. शेवटी ड्रेन प्लग काढून भोकाच्या कडेला टोच्या लावा. काळपट, मऊ भुसा निघाला तर समजून जा.

फळी नवीन घातलीय असं मालक म्हणाला तर प्लाय कोणतं वापरलं ते विचारा. आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लाय हवं.

कराडचा गळकरी
वजनही करा. ट्रेलरसकट उसाच्या काट्यावर घाला, मग रिकामा ट्रेलर. फरक कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा. इंजिन, बॅटरी, टाकी धरूनही ५०-६० किलो जास्त भरलं तर फ्लोअरखालचा, बोट तरंगती ठेवायला भरलेला फोम पाणी प्यायलाय असं धरा. तो वाळत नाही, फ्लोअर कापून काढावा लागतो.

धोमकाठ, वाई
क्लीटभोवती, म्हणजे दोरी बांधायच्या खुंटीभोवती, बारीक भेगा आहेत, त्याचं काय?

कृष्णाकाठ, सांगली
क्लीटभोवती चांदणीसारख्या असतील तर बहुधा तेवढ्याच जागी ताण आलाय. खालून हात घालून बघा, मोठा वॉशर किंवा पट्टी नसेल तर ती घालून घ्या. तळावर लांब, एकमेकींना समांतर भेगा मात्र वाईट. तिथे सांगाडाच लवतोय. आत टॉर्च मारा: फायबरच्या मॅटवर पांढरे कोरडे डाग म्हणजे तिथे मॅट रेझिनने भिजलीच नाही. डेक आणि तळ जोडणारी कडही बघा. नुसते स्क्रू लाटांच्या हादऱ्याने ढिले पडतात, आरपार नट-बोल्ट टिकतात.

कराडचा गळकरी
अजून एक. तळाला मागून पुढे चार फूट दोरी ताणून धरा. मध्ये फट दिसली तर ट्रेलरच्या चुकीच्या आधाराने तळ आत वाकलाय. अशी बोट वेग धरताना नाक खाली घालते.