वळताना पुढच्या चाकातून येणारा कट-कट आवाज

बी-३०४ : सोसायटीतल्या सर्वांना नमस्कार. गेल्या आठवड्यापासून आमच्या गाडीतून एक विचित्र आवाज येत आहे. बेसमेंटमधून रॅम्पवर येताना स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून ॲक्सिलरेटर दिला की पुढून ‘कट-कट-कट’ ऐकू येते आणि गाडी सरळ झाली की ते थांबते. गाडी ९ वर्षांची असून ७८,००० किलोमीटर चालली आहे. एका गॅरेजमध्ये गाडी न चालवताच स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर चाके वळवणारा भाग) बदलावा लागेल असे सांगण्यात आले. खर्च बराच आहे, म्हणून होकार देण्यापूर्वी येथे विचारत आहे.

सी-१०२ : आमच्या गाडीलाही वळताना आवाज येत असे, पण तो गाडी जागेवर उभी असतानासुद्धा येई. स्टिअरिंग फिरवले की स्प्रिंग अडकून सुटावी तसा ‘टण्’ आवाज व्हायचा. स्ट्रटच्या (चाकावरच्या शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंगच्या जोडणीच्या) वरच्या माउंटिंगमधले बेअरिंग जाम झाले होते आणि ते बदलल्यावर आवाज गेला. तुमचा आवाज उभ्या गाडीत येतो का, हे आधी पाहावे.

बी-३०४ : काकू, आत्ताच खाली जाऊन पाहिले. उभ्या गाडीत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवले, तरी काहीच आवाज आला नाही.

ए-६०१ : सी-१०२ मधील वहिनींनी योग्य तेच विचारले. मी दापोडीच्या एसटी कार्यशाळेत अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. बसमध्ये पुढची चाके फक्त दिशा देतात आणि जोर मागच्या चाकांना मिळतो. अँबेसेडर आणि पद्मिनीचीही रचना तशीच होती. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून मात्र आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांनाच वळायचेही असते आणि गाडी ओढायचीही असते. वळलेल्या चाकाला अखंड जोर पोहोचावा यासाठी एक्सलच्या, म्हणजे चाकाला जोर पोहोचवणाऱ्या दांड्याच्या, टोकाला सीव्ही जॉइंट असतो. त्यातल्या पोलादी गोळ्या खाचांमधून सरकतात, आत ग्रीस भरलेले असते आणि वरून घडीचे रबरी बूट चढवलेले असते. हे बूट फाटले की ग्रीस बाहेर उडते, धूळ आणि पावसाचे पाणी आत जाते, खाचा झिजतात आणि पूर्ण वळणावर जोर दिला की गोळ्या झिजलेल्या जागी आदळून नेमका तुम्ही लिहिला आहे तसा आवाज येतो. चाक फिरत नसताना हा जॉइंटही फिरत नाही, म्हणून उभ्या गाडीत तो गप्प राहतो. या लक्षणांवरून रॅकवर संशय घेण्याआधी एक्सल तपासणे मला आवश्यक वाटते.

उद्या पहाटे मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी सावकाश गोल फिरवा, एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे. ॲक्सिलरेटर हलकेच वाढवल्यावर आवाज स्पष्ट होतो का, ते ऐका. आपल्या पार्किंगमध्ये मुले खेळतात, त्यामुळे ही चाचणी येथे कृपया करू नये. नंतर गाडी बंद करून, हँडब्रेक ओढून, चाके वळलेली ठेवून टॉर्चने चाकामागे पाहा. बुटाला चीर असेल किंवा रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे असतील, तर दोष सापडला असे समजा. उजव्या वळणाचा भार डाव्या चाकावर येतो, म्हणून बहुधा दोष डावीकडे असेल, पण केवळ आवाजाच्या दिशेवर विसंबू नका. दोन्ही बाजू पाहा.

डी-२०५ : काका, आमच्या गाडीत वळताना कट-कट नसून घुमल्यासारखा आवाज येतो आणि वेगाबरोबर तो वाढतो. तेही एक्सलच असेल का?

ए-६०१ : नाही, तो बहुधा चाकाच्या बेअरिंगचा आवाज आहे. डावीकडे वळताना तो वाढत असेल तर उजवे बेअरिंग आणि उजवीकडे वळताना वाढत असेल तर डावे बेअरिंग आधी तपासून घ्यावे. ते सैल झाल्यास चाक डगमगते, त्यामुळे तुम्ही मुळीच दिरंगाई करू नये, ही आग्रहाची विनंती.

बी-३०४ : काका, आज सकाळी चाचणी केली. उजव्या गोल फेरीत आवाज स्पष्ट आला, तर डाव्या फेरीत अजिबात आला नाही. डाव्या चाकामागचे बूट घडीच्या जागी बोटभर फाटलेले होते आणि रिमवर ग्रीस उडालेले होते. उजवे बूट शाबूत आहे.

ए-६०१ : चीर नुकतीच पडली असती आणि आवाज नसता, तर नवे बूट आणि ग्रीस एवढ्यावर भागले असते. आता खाचा झिजल्या आहेत, म्हणून डाव्या बाजूचा बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा, सीव्ही जॉइंट बदलावा लागेल. काढलेला भाग मेकॅनिककडून मागून घ्या आणि खाचा स्वतः पाहा. उजव्या बुटाला हात लावू देण्याची गरज नाही.

बी-३०४ : मनापासून आभार, काका. गुरुवारी काम करून घेतो आणि जुना जॉइंट आपल्याला दाखवायला घेऊन येतो.